खाली फक्त वाळू

संडासाचं भांडं डावीकडे कललं त्या दिवशीच कोर्रादो मिदोलोच्या मनात पाल चुकचुकली. कललं म्हणजे फार नव्हे. बसणाऱ्याला आपण जरासे समुद्राच्या बाजूला झुकलो आहोत एवढंच वाटे, आणि ओर्तीजासारख्या बेटावर कुठेही झुकलं तरी ते समुद्राच्याच बाजूला होणार. पण कोर्रादो हा सिसिलीतल्या सिराकूझाच्या पाणीखात्यात उभा जन्म काढून निवृत्त झालेला माणूस. अख्ख्या शहराच्या गळक्या नळांवर त्याने शेरे मारले होते, आणि आता त्याच्याच न्हाणीघराच्या फरशीखालून पाणी झिरपत होतं. त्याची बायको आस्सुंता रोज सकाळी न्हाणीघरातून बाहेर येताना "दिव्याखाली अंधार" एवढंच म्हणे आणि कॉफी ठेवायला जाई.

एरवी त्याने भांड्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवून आणखी काही वर्षं सुखाने काढली असती. पण दूर उत्तरेतल्या ब्रेशियाहून लेकीचा फोन आला.

"बाबा, मिर्कोचे आईवडील तुमच्याकडे यायला निघालेत," फ्लाविया म्हणाली. "त्यांना ग्रीकांची देवळं बघायची आहेत. आणि तुम्हांलाही."

जुन्या पडक्या देवळांच्या मागोमाग आपला नंबर लागलेला कोर्रादोला आवडला नाही. "आम्हांला कशाला बघायचंय?"

"त्यांच्याच घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही राहणार ना! मिर्कोचे बाबा म्हणतात, आपल्या घरात कुठली माणसं ये-जा करणार ते मी आधी बघतो, मग लग्नाचं बोलू. ते हो म्हणाले तर सप्टेंबरात उरकून टाकू. बाबा, नीट वागा हं."

"ते करतात काय?"

"आता निवृत्त आहेत. कुठल्याशा सरकारी कचेरीत तपासनीस होते. जुन्या दगडांची फार आवड आहे त्यांना. आणि बोलत नाहीत फारसे. नुसते बघत असतात."

कोर्रादोने फोन खाली ठेवला आणि तो खुर्चीवर बसला. सरकारी कचेरी. तपासनीस. जुने दगड. नुसते बघतात. एवढ्या चार गोष्टी एका माणसात एकत्र आल्या की ओर्तीजात तो माणूस व्याही नसतो.

हे जरा उलगडून सांगायला हवं. ग्रीक लोक पावणेतीन हजार वर्षांपूर्वी या बेटावर आले, त्यांनी हौसेने घरंदारं बांधली, आणि गेले तेव्हा आवरून गेले नाहीत. त्यामुळे ओर्तीजात कोणी कुंडीत कोथिंबीर लावायची म्हटली तरी हात जरा खोल गेला की ग्रीक लागतात. लागले की पुराणवस्तू खात्याला कळवायचं असा कायदा आहे. कायदा उत्तमच आहे. शेजाऱ्याच्या घराला लागू असेपर्यंत तर त्याच्यासारखा कायदा नाही. मागच्या गल्लीतल्या औषधवाल्याने एकदा प्रामाणिकपणा केला होता. स्वयंपाकघराची मोरी खणताना रांजण लागला म्हणून तो आपण होऊन सांगायला गेला. लहान लहान ब्रश घेऊन माणसं आली आणि चुलीच्या जागेला दोरी बांधून बसली. बिचाऱ्याची बायको गच्चीत स्वयंपाक करता करता आजी झाली. आज त्या स्वयंपाकघरात शाळेच्या सहली येतात, आणि औषधवाल्याला स्वतःच्या मिठाच्या बरणीपर्यंत जायचं तर डोक्यावर टोप घालावा लागतो.

तेव्हापासून, खरं तर त्याच्याही आधीपासून, गल्लीत एक रीत पडून गेली आहे. कोणाकडे कुदळीचा आवाज झाला की शेजारी विचारतात, "काय निघालं?" आणि घरधनी सांगतो, "वाळू." मग विचारणारा "वाळूच असणार" म्हणतो आणि विषय बदलतो. मनातून मात्र तो आयुष्यभर त्या घराकडे संशयाने बघतो.

"मी खणणारच नाही," कोर्रादोने आस्सुंताला सांगितलं. "वरवर फरश्या बदलायच्या. खाली बघायचंसुद्धा नाही."

"तोंड वर करून फरशी बसवणार का?" आस्सुंता म्हणाली.

तानो गवंडी आला तो रेडिओ घेऊनच आला. ओर्तीजातला गवंडी एक वेळ थापी विसरेल, रेडिओ विसरणार नाही. त्याने दार लावून घेतलं, गाणं मोठं केलं, भांडं उचलून बाजूला ठेवलं आणि पहिली फरशी काढली. खालची माती भसाभस उपसत गेली. कोर्रादो मान दुसरीकडे करून उभा होता. आणि मग नेमकं एक गाणं संपून दुसरं सुरू व्हायच्या मधल्या शांततेत तानोची पहार म्हणाली, "ठक्क."

हा आवाज गल्लीला ओळखीचा आहे. वरच्या सज्जात पीनामावशी कपडे वाळत घालता घालता बहिणीला भावजयीचे गुण सांगत होती, ती गप्प झाली. समोरच्या दुकानात वेनेरांदो न्हाव्याची कात्री थांबली. पलीकडे जन्मभर शाळेत ग्रीक शिकवलेले स्पात्तारोमास्तर राहतात, त्यांनी खिडकीची झडप हळूच किलकिली केली.

तानोने हाताने माती सारली. भांड्याच्या जागेखाली एक दगडी खांब आडवा पडला होता. चांगला कवेत न मावणारा, अंगभर उभ्या खोबणी पाडलेला, शांत झोपलेला.

तानोने छातीवर क्रुसाची खूण केली. "काय निघालं, साहेब?"

कोर्रादोने त्या खांबाकडे पाहिलं. त्याला आपल्या फ्लावियाचा सप्टेंबर दिसला, आणि त्या सप्टेंबराभोवती कोणीतरी दोरी बांधतंय असंही दिसलं.

"वाळू," तो म्हणाला.

"मलाही तसंच वाटतं," तानो म्हणाला आणि त्याने रेडिओ आणखी मोठा केला.

बातमी फुटली असं म्हणता येणार नाही, कारण कोणी काही विचारलंच नाही. फक्त कोर्रादोच्या खिडकीसमोर वरून एक टोपली दोरीने खाली आली. पीनामावशीचे गुडघे गेल्यापासून तिचा सगळा संसार त्या टोपलीतून चालतो. टोपलीत दोन लिंबं होती. मागोमाग तिचा आवाज आला.

"कोर्रादो, मला काही विचारायचं नाही हो!"

"बरं, मावशी."

"पण वाळू आहे ना?"

"वाळूच आहे."

"गोल वाळू का चौकोनी वाळू?"

कोर्रादोने इकडेतिकडे पाहिलं. "गोल. लांबट गोल."

"मग ती हलवायच्या भानगडीत पडू नकोस. चौकोनी असती तर बरं होतं, पाट म्हणून वापरता येते. गोल वाळू घरंगळते. माझ्या मामेभावाकडची वाळू घरंगळत थेट मोरीत जाऊन बसली होती."

न्हाव्याने दाढी करता करता कानात सांगितलं की वाळूला तोंड असेल तर ते भिंतीकडे करून ठेवावं, उगाच बघत बसते. मास्तर तर संध्याकाळी स्वतः आले. "मी आपला सहज आलो," ते म्हणाले, "माझं तुझ्या न्हाणीघराशी काही देणंघेणं नाही. पण समज, केवळ समज, की एखाद्या वाळूवर अक्षरं असली, तर मला हाक मारू नकोस. मला वाचता येतात, आणि एकदा वाचलं की गप्प बसणं माझ्या जिवावर येतं." एवढं बोलून ते बंद दाराकडे हावरटासारखे बघत बघत परत गेले.

कोर्रादोला या सल्ल्यांपेक्षा ते देणाऱ्यांचीच काळजी वाटू लागली. या लोकांना वाळूची इतकी माहिती कशी? न्हाव्याला तोंडाचं काय ठाऊक? आणि मावशीचा हा मामेभाऊ कोण? तिच्या मामाला तर मूलबाळ नव्हतं.

इकडे तानोचं काम अडलं. खांब हलेना, फोडायची कोर्रादोची छाती होईना, आणि खांब आहे तिथे ठेवला तर नळ जायला जागा उरेना. शेवटी तानोने खांबाच्या दोन्ही बाजूंनी विटा रचल्या, त्यांवर फळ्या टाकल्या आणि त्या फळ्यांवर भांडं बसवलं. ते चालू झालं खरं, पण इतकं उंच झालं की चढायला दोन विटांच्या पायऱ्या कराव्या लागल्या. वर बसलं की खिडकीतून बंदर दिसे. खाली पाय लोंबत, आणि पायांखाली फळ्यांच्या फटीतून तो खोबणीदार खांब चांगला ऐसपैस दिसे.

"मढवायला उद्या येतो," म्हणून तानो गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या चुलतभावाच्या मुलाचा नामकरणविधी निघाला, आणि ज्या घरात तो विधी होता ते घर डोंगरापलीकडे निघालं. सिसिलीतल्या गवंड्यांना चुलतभाऊ फार असतात. पाहुणे दाराशी येऊन ठेपले तरी तानोचा पत्ता नव्हता.

पाहुण्यांना उतरायला पुलापलीकडचं हॉटेल ठरवलं होतं. त्यावरून आस्सुंताने आकाशपाताळ एक केलं. व्याह्यांना हॉटेलात ठेवायचं म्हणजे आपल्या घरात पलंग नाही असं गावभर ओरडण्यासारखं होतं. पण पलंगावर झोपवलं तर माणूस सकाळी उठून न्हाणीघर मागणार, हा हिशेब तिलाही पटला. रविवारचं जेवण मात्र घरीच होणार, याबाबतीत ती देवाचंही ऐकणार नव्हती. न्हाणीघराच्या दारासमोर कपाट सरकवलं. कपाटावर संत लुचियाची तसबीर ठेवली. तबकात स्वतःचे डोळे घेऊन उभी असलेली ही गावची देवी दृष्टीची राखणदार. "आई, याच्या डोळ्यांवर एवढा रविवार झापड आण," असं कोर्रादोने तिला सांगितलं. देवीकडे लोक बहुधा उलटं मागतात, त्यामुळे तिला कळलं की नाही याची त्याला शंकाच होती.

मिर्कोचा बाप बात्तिस्ता दारात उभा राहिला तेव्हा कोर्रादोची शंका पक्की झाली. उंच, हाडकुळा, राखाडी मिशांचा माणूस. हात मिळवताना त्याची नजर कोर्रादोच्या तोंडाकडे नव्हती, जमिनीकडे होती. त्याची बायको ओर्नेल्ला गोड बाई. तिने आस्सुंताचे दोन्ही गाल चुंबून घर सुंदर आहे म्हटलं. बात्तिस्ता म्हणाला, "जुनं दिसतंय."

"छे, छे, अगदी नवं," कोर्रादो म्हणाला. "आमच्या पणजोबांनी बांधलेलं."

"आणि त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी काही नव्हतं. वाळू."

बात्तिस्ताने मान हलवली. मग त्याने बोटाच्या पेराने भिंतीवर टकटक केलं, कान देऊन ऐकलं आणि कॉफी प्यायला बसला. कॉफी पिताना तो कपाटाकडे बघत होता. सुखी घरात कपाट भिंतीला टेकलेलं असतं. हे कपाट दाराला टेकलं होतं, आणि दाराची मूठ कपाटामागून एका कानासारखी बाहेर आली होती.

"चला, आधी गाव बघून घेऊ!" कोर्रादो ओरडलाच.

गाव बघताना त्याच्या जिवाला स्वस्थता नव्हती. बाजाराशेजारी अपोलोच्या देवळाचे उरलेसुरले खांब आहेत. बात्तिस्ता तिथे कठड्याला टेकून इतका वेळ उभा राहिला की मासळीवाल्याला तो गिऱ्हाईक वाटला. मोठ्या चर्चच्या भिंतीत ग्रीकांच्या देवळाचे खांब तसेच चिणलेले आहेत, तिथे त्याने खिशातून टेप काढली आणि खांब मोजला. खोबणीवरून बोट फिरवलं. तशीच खोबण कोर्रादोने सकाळी, आपल्या पायांखाली, बंदर बघता बघता पाहिली होती.

"टेप कशाला बाळगता हो तुम्ही?" त्याने होईल तितक्या सहज विचारलं.

"सवय. वजनमापं तपासायच्या कचेरीत होतो मी. दुकानदारांची वजनं, गज, मापं."

वजनमापं! कोर्रादो मनात हसला. उद्या सांगेल मी कुत्र्यांचे परवाने द्यायचो. सांगताना डोळ्याला डोळा भिडवला का? नाही. खांबाकडे बघत होता.

"लोक हे दगड घरात सापडले तर काय करतात इथे?" बात्तिस्ताने विचारलं.

"घरात? घरात कसे सापडतील? दगड सगळे इकडे चर्चमध्ये आहेत."

"कोणाच्याच घरात नाही?"

"कोणाच्याच नाही. सगळी वाळू."

"अख्ख्या गल्लीत?"

"तुम्ही कोणालाही विचारा!" कोर्रादो म्हणाला, आणि विचारलं तर काय होईल या विचाराने त्याला घाम फुटला.

ग्रीक नाट्यगृहाच्या पायऱ्या चढून झाल्यावर शेजारच्या खाणीतली ती उंच गुहा बघायची असते, जिला दिओनिसिओचा कान म्हणतात. पूर्वीच्या एका संशयी राजाने त्यात कैदी कोंडले होते, आणि आत कुजबुजलं की वर त्याला ऐकू जाई, असं सांगतात. खरं असेल वा नसेल, पण गुहेत आवाज घुमतो हे पोराटोरांना ठाऊक आहे. ब्रेशियाच्या माणसाला ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. पाहुणे आत लांबवर गेले. कोर्रादो तोंडाशी थांबून आस्सुंताच्या पिशवीने वारा घेत होता. तेवढ्यात भिंतीनेच बोलावं तसा बात्तिस्ताचा आवाज त्याच्या कानाशी आला.

"न्हाणीघराच्या दाराला कपाट लावलंय. बघितलंस?"

"बघितलं," ओर्नेल्लाची भिंत म्हणाली.

"उंबऱ्यावर ओली माती आहे. आणि हा माणूस सकाळपासून वाळू, वाळू करतोय."

"मग?"

"मग काय? आज त्या न्हाणीघरात शिरल्याशिवाय मी हलणार नाही. माणसं कशी आहेत ते तिथेच कळेल."

कोर्रादोच्या संशयाला आयुष्यात प्रथमच साक्षात गुहेने दुजोरा दिला होता. त्याने आस्सुंताला बाजूला ओढलं. "घरी गेल्यावर त्याला पाणी देऊ नकोस. बर्फाची ग्रानीता तर मुळीच नको. कलिंगड लपव."

"व्याही पहिल्यांदा जेवायला येतायत आणि पाणी देऊ नको?" आस्सुंताचा आवाज चढला, आणि गुहेने तो आनंदाने आत पोचवला. "अरे, माझ्या माहेरी चोराला पकडलं तर आधी सरबत देतात!"

मग तिने नवऱ्याच्या नाकावर टिच्चून वाढलं. सार्डिनचा पास्ता झाला, वांग्याची आंबटगोड भाजी झाली, कलिंगड आलं, बदामाची गार ग्रानीता आली, आणि बात्तिस्ताचा पेला अर्धा झाला की आस्सुंता तो भरी. न बोलणारा माणूस फार जेवतो. त्याने तिसऱ्यांदा ग्रानीता घेतली तेव्हा कोर्रादोने संत लुचियाकडे बघितलं. लुचिया तबकातल्या डोळ्यांनी त्याच्याकडेच बघत होती.

अखेर व्हायचं तेच झालं. बात्तिस्ताने पायावर पाय टाकला, मग दुसरा पाय पहिल्यावर टाकला, मग म्हणाला, "जरा न्हाणीघर..."

"रंग ओला आहे!" कोर्रादो म्हणाला.

"मी भिंतीला हात लावणार नाही."

"वास डोक्यात जातो. परवा मांजर चक्कर येऊन पडलं."

"तुमच्याकडे मांजर आहे?"

"होतं," कोर्रादो म्हणाला आणि गडबडीने उठला. "त्यापेक्षा शेजारी चला ना! आमच्या गल्लीत माझं-तुझं नाही. इथली सगळी न्हाणीघरं आपलीच."

पुढचा प्रसंग आठवला की अजूनही गल्ली खाली मान घालते. कोर्रादोने वर तोंड करून पीनामावशीला हाक मारली. मावशी सज्जातूनच म्हणाली, "आत्ता नाही हो, माझी भाची आंघोळ करतेय. जोगीण आहे ती, तिला फार वेळ लागतो." मास्तरांनी दार बोटभर उघडलं. "माझ्या न्हाणीघरात माझी विधवा बहीण राहते," ते म्हणाले.

"न्हाणीघरात?" बात्तिस्ताने विचारलं.

"तिला गारवा मानवतो," मास्तर म्हणाले आणि दार लागलं.

वेनेरांदो न्हाव्याला ऐनवेळी काही सुचलं नाही. "आमच्याकडे संडासच नाही," तो म्हणाला.

"बांधलाच नाही?"

"होता. सध्या नाही."

"मग तुम्ही जाता कुठे?"

न्हाव्याने वस्तरा पुसला, विचार केला आणि म्हणाला, "आम्ही ती सवयच सोडली."

गल्लीच्या मधोमध कोर्रादो उभा होता आणि त्याच्या डोक्यात हळूहळू उजेड पडत होता. या घरांत तो लहानाचा मोठा झाला, पण एकाही न्हाणीघरात त्याला गेल्या कित्येक वर्षांत कोणी जाऊ दिलं नव्हतं. म्हणजे मास्तरही? म्हणजे न्हावीसुद्धा? आणि पीनामावशी तर वरच्या मजल्यावर राहते. वरच्या मजल्यावर वाळू कशी? का तिची वाळू उभी आहे? एका क्षणात त्याला सगळ्यांचा राग आला आणि सगळ्यांबद्दल माया दाटून आली. पण त्याच्या शेजारी उभा असलेला तपासनीसही एकेका बंद दाराकडे बघत होता, आणि त्याच्या मिशा हलत होत्या. आपण एकटे बुडालो नाही, अख्खी गल्ली बुडवली, हे कोर्रादोला कळून चुकलं. फ्लावियाचं लग्न तर गेलंच.

"मला आता खरंच थांबता येणार नाही," बात्तिस्ता म्हणाला.

माणुसकी म्हणून काही चीज असते. कोर्रादो घरी आला आणि मुकाट्याने कपाटाला खांदा लावला. आस्सुंताने तसबीर उचलून छातीशी धरली. दार उघडलं, बात्तिस्ता आत गेला, दार लागलं.

विटांच्या पायऱ्या चढल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मग पायऱ्या उतरल्याचा. आणि मग, टकटक. पुन्हा टकटक. फळी सरकवल्याचा आवाज आला. बाहेर न्हाव्याचा रेडिओ बंद झाला. मास्तरांची झडप किलकिली झाली. वरून मावशीची रिकामी टोपली खिडकीपर्यंत उतरली आणि तिथेच लटकत राहिली. कोर्रादो आपल्या पाणीखात्यातल्या दिवसांचा विचार करत होता. तिथे किती सुख होतं.

दार उघडलं. बात्तिस्ता बाहेर आला. त्याच्या बाह्या कोपरापर्यंत वर सरकवलेल्या होत्या आणि गुडघ्यांना माती लागली होती. तो सरळ टेबलाशी येऊन बसला.

"हे काम कोणी केलं?" त्याने विचारलं.

"तानोने," कोर्रादो म्हणाला. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "पण त्याचा दोष नाही. मीच त्याला..."

"गाढव आहे तो. विटा थेट दगडाला भिडवल्यात. उद्या त्यावर सिमेंट ओतणार असेल. सिमेंट ओतलं की दगड ओल धरतो आणि खपल्या उडतात." तो एवढं बोललेला पाहून ओर्नेल्लाने कपाळाला हात लावला, पण तो थांबला नाही. "आधी जुनी चादर पांघरायची. वर कोरडी वाळू भरायची, खरी वाळू. मग फळ्या, मग फरशी. आणि फळ्यांच्या कडेला बुचाचे तुकडे घालायचे, नाहीतर वर चाललं की पोकळ आवाज येतो आणि आलेल्या माणसाला संशय येतो. नळ वरून न्यायचा नाही, वळसा घालून न्यायचा. मी दोनदा वरून नेला, दोन्ही वेळा फुटला, तेव्हा कळलं."

कोर्रादोला संशय यायला कधी वेळ लागत नसे, पण या वेळी मात्र लागला. वजनमापं तपासणाऱ्या माणसाला ब्रेशियात एवढी चादर, एवढी वाळू आणि एवढं बूच कशाला लागलं?

आस्सुंता त्याच्या आधी पोचली होती. तिने तसबीर टेबलावर ठेवली, बात्तिस्ताचा पेला काठोकाठ भरला आणि गोड आवाजात विचारलं, "व्याहीबुवा, तुमच्या घराला तळघर आहे ना हो? काय आहे त्याच्या खाली?"

बात्तिस्ताने ओर्नेल्लाकडे पाहिलं. ओर्नेल्लाने खिडकीकडे पाहिलं. खिडकीत टोपली लटकत होती, पलीकडे झडप किलकिली होती, आणि न्हावी दुकानाच्या दारात हातात वस्तरा तसाच धरून उभा होता. सकाळपासून एकाही घराने एकाही घराबद्दल चकार शब्द काढला नव्हता, हे बात्तिस्ताने पाहिलं होतं. त्याने मिशा पुसल्या.

"आमच्याकडे?" तो म्हणाला. "वाळू."

ब्रेशिया डोंगराच्या पायथ्याशी आहे. तिथून समुद्र गाठायचा तर दिवस मोडतो.

टोपली थोडी हलली आणि वरून पीनामावशीचा आवाज आला. "मला काही विचारायचं नाही हो! पण गोल का चौकोनी?"

बात्तिस्ता खिडकीशी गेला, त्याने वर पाहिलं आणि दिवसभरात प्रथमच तो हसला.

"रंगीत," तो म्हणाला. "नखाएवढ्या तुकड्यांची. आणि तिच्यात मासे पोहतायत."

"अगं बाई!" मावशी म्हणाली. टोपली सरसर वर गेली आणि लिंबाच्या दारूची बाटली घेऊन खाली आली. पाठोपाठ मास्तर विधवा बहिणीला न्हाणीघरात तशीच सोडून आपला पेला घेऊन आले, आणि माशांच्या खाली काही अक्षरं आहेत का असं पहिल्याच श्वासात विचारते झाले.

कोर्रादोने फोन उचलला. फ्लाविया पलीकडे नखं खात बसली असणार.

"बाबा? कसे वाटले तुम्हांला ते?"

"सप्टेंबर धर," कोर्रादो म्हणाला. "पोरी, डोळे मिटून जा त्या घरात. भरवशाची माणसं आहेत. आपल्यासारखंच खोटं बोलतात."